उसना आवाज, रंगवलेला चेहरा

१९६० च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये एक विनोदी गाणं रेकॉर्डांच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे त्याचं नाव. भारतीय डॉक्टर आणि त्याच्यावर भाळलेली श्रीमंत रुग्ण यांचा तो सवाल-जवाब होता. रुग्णाचा आवाज इटलीच्या सोफिया लॉरेनचा. डॉक्टरचा आवाज मात्र भारतीय माणसाचा नव्हता. इंग्लंडात साउथसी इथे जन्मलेल्या पीटर सेलर्सने तो काढला होता. दोघांच्या ‘द मिलियनेरेस’ या चित्रपटाचा गाजावाजा व्हावा म्हणून गाणं तयार झालं, चित्रपटात ते नव्हतंच. चित्रपट मागे पडला, गाणं मात्र घराघरांत राहिलं. त्यातला तो मान हलवत बोलल्यासारखा हेल ब्रिटनमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी मुलांना पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या मैदानावर ऐकून घ्यावा लागला.

हा हेल सेलर्सने एकट्याने घडवला नव्हता. ब्रिटिश विनोदात तो आला लष्करी छावण्यांमधून, आणि त्या वाटेवरचं एक ठळक ठिकाण म्हणजे आपलं अहमदनगर, आजचं अहिल्यानगर.

छावणीतली पोरं

१२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. पुढे भिंगारच्या बाजूला कॅम्प वसला आणि नगर हे लष्कराचं गाव झालं. पहिल्या महायुद्धात तर इथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं, त्यांत जर्मन अधिक. ते युद्ध चालू असतानाच, १६ एप्रिल १९१८ रोजी, नगरला टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन जन्मला. जगाला तो पुढे स्पाइक मिलिगन म्हणून ठाऊक झाला. वडील लिओ मिलिगन मूळचे आयर्लंडचे, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला. आई फ्लोरेन्स इंग्लिश. वडिलांना रंगमंचाचा भारी नाद. फौजेतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते हौसेने उभे राहत.

मुलाचं बालपण गेलं पुण्याच्या कॅम्पात. तिथे तो कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत जात होता. मग वडिलांच्या बदलीबरोबर रंगून आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनचा आग्नेय भाग. कॅम्पात गोऱ्या शिपायाच्या पोराला दोन जगं रोज दिसत. एकीकडे मेसमधले मेजर आणि कर्नल, त्यांचा रुबाब आणि त्यांची दारू. दुसरीकडे खानसामा, आया, भिश्ती, धोबी आणि कचेरीतला कारकून. नोकरांची भाषा मुलाच्या कानावर आईच्या भाषेइतकीच पडे. पण ओळख होई ती हुकूम घेणाऱ्या माणसाची. तो घरी गेल्यावर कसा बोलतो, कशावर चिडतो, कोणाला हसतो, हे कॅम्पातून दिसत नसे. या पोरांनी पुढे जे नकलांचं भांडवल नेलं, त्याची श्रीमंतीही इथलीच आणि उणीवही इथलीच.

मिलिगन एकटा नव्हता. मायकेल बेट्स हा नट १९२० साली झाशीला जन्मला आणि हिंदुस्थानी सफाईने बोलायचा. सेलर्सचा जन्म इकडचा नव्हता, पण दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात भरती झाला आणि राल्फ रीडरच्या ‘गँग शो’ या फौजी नाटकमंडळीबरोबर हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश असा हिंडला. तिथे तो मोठ्या अधिकाऱ्याचा वेश चढवून मेसमध्ये बेधडक शिरायचा. त्या सोंगांत शीख अधिकाऱ्याचंही सोंग होतं. जिमी पेरी हा तरुण गोलंदाज नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या करमणुकीचे कार्यक्रम बसवत होता. युद्ध संपल्यावर ही सगळी मंडळी परतली आणि लंडनमध्ये नकलाकार, नट, लेखक म्हणून पोट भरू लागली. ज्या साम्राज्याने त्यांना सामग्री दिली ते १९४७ मध्ये आटोपलं होतं, पण त्याच्या आठवणी घेऊन आलेले लाखो सैनिक श्रोता म्हणून तयार बसले होते. ‘मेमसाब’, ‘चारवाला’, ‘डेकची’ असे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

याच्या अगदी उलट प्रवास एका नटीने केला होता. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली, मिश्र वंशाची. १९२८ च्या सुमारास ती इंग्लंडला गेली. अलेक्झांडर कोर्डाच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मधून ती पुढे आली आणि १९३८ मध्ये ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’ या रंगीत विनोदी चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर नायिका झाली. आपला जन्म टास्मानियातला असल्याची कहाणी तिने आयुष्यभर सांगितली. खरं मूळ कळलं असतं तर त्या काळी तिला अशा भूमिका मिळाल्या नसत्या. ज्या पडद्यावर पुढे गोरे नट तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय होणार होते, तिथे टिकण्यासाठी एका भारतीय मुलीला आपलं भारतीयपण लपवावं लागलं होतं.

रेडिओवरचे बाबू आणि मेजर

२८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. आधी त्याचं नाव ‘क्रेझी पीपल’ होतं, मग ‘द गून शो’. मिलिगन, सेलर्स, हॅरी सिकम आणि सुरुवातीच्या काळात मायकेल बेंटीन ही चौकडी त्यात होती. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर. महायुद्धात तो तोफखान्यातच होता. उत्तर आफ्रिका आणि इटलीत तो लढला, १९४४ साली इटलीत जखमी झाला आणि मनानेही कोसळला. त्या मोडलेल्या मनातून जो विनोद निघाला त्यात तर्काला रजा होती, स्फोट होते, मेलेली माणसं पुढच्या आठवड्यात परत येत होती आणि वरिष्ठांबद्दलचा राग ठासून भरला होता.

या कार्यक्रमातला मेजर ब्लडनॉक हे सेलर्सने उभं केलेलं पात्र नीट पाहण्यासारखं आहे. हिंदुस्थानातल्या पलटणीतून निवृत्त झालेला हा मेजर पळपुटा आणि पैसेखाऊ, शिवाय तिखट रश्श्याने पोट बिघडलेला. साम्राज्य राखणारा शूर साहेब ही प्रतिमा इतक्या निर्दयपणे त्याआधी क्वचितच कोणी फाडली असेल, आणि ती फाडायला कॅम्पातलाच मुलगा हवा होता. पण त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी ही जोडीही होती. सेलर्स आणि मिलिगन हे दोन बाबू करत. ती पात्रं अतिनम्र इंग्रजी बोलत, एकमेकांना वाट देता देता घोळ घालत आणि साधं कामसुद्धा अवघड करून ठेवत. मेजरला हसताना लेखकाच्या मनात राग होता. बाबूंना हसताना राग नव्हता, उलट माया होती, पण त्या मायेत बरोबरी नव्हती.

कार्यक्रमात रे एलिंग्टन हा गायक-वादकही होता. लंडनमध्येच जन्मलेला, वडील आफ्रिकी-अमेरिकी. मधूनमधून त्याला छोट्या भूमिका मिळत आणि बरेचदा त्याच्या रंगावरून विनोद होत. म्हणजे कृष्णवर्णी माणूस स्टुडिओत हजर होता, त्याला स्वतःचा आवाज होता. विनोद मात्र दुसऱ्याने लिहिलेला होता. हे सूत्र पुढे फार काळ चाललं.

१९५८ मध्ये, हा कार्यक्रम भरात असताना, लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्याच वर्षी बीबीसी दूरचित्रवाणीने ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ सुरू केला. गोरे गायक तोंडाला काळं फासून गात. हा कार्यक्रम १९७८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालला. रस्त्यावर जो रंग नकोसा होता, तो घरात बसून बघायला लोकांना आवडत होता.

आवाजाला चेहरा लागला

रेडिओवर नुसता आवाज पुरतो. लालकाका कसा दिसतो हा प्रश्न कोणाला पडत नाही. पडद्यावर आवाजाबरोबर चेहरा लागतो, आणि इथेच नक्कल रंगपेटीकडे वळली. गून मंडळींनी १९५० च्या दशकात ‘पेनी पॉइंट्स टू पॅरडाइज’, ‘डाउन अमंग द झेड मेन’ असे स्वस्तातले चित्रपट करून पाहिले, पण त्यांची मजा पडद्यावर उतरली नाही. चित्रपटात खरा मोठा झाला तो सेलर्स.

‘द मिलियनेरेस’ १९६० च्या ऑक्टोबरात आला. दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथ. मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं, १९३० च्या दशकातलं. त्यातला डॉक्टर इजिप्तचा होता, चित्रपटात तो भारतीय मुसलमान झाला: डॉ. अहमद अल कबीर. हा बदल हवेतून आला नव्हता. १९४८ साली ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली, तिला डॉक्टर कमी पडू लागले आणि भारतातून, पाकिस्तानातून डॉक्टर जाऊ लागले. तपासायला भारतीय डॉक्टर असणं हा १९६० पर्यंत अनेक ब्रिटिश रुग्णांच्या नेहमीच्या अनुभवाचा भाग होत होता. पडद्याने तो माणूस उचलला, नट मात्र उचलला नाही.

निर्मात्यांचा हिशेब सरळ होता. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. सोफिया लॉरेनसारख्या महागड्या नायिकेसमोर तिकीटबारीवर चालणारं नाव हवं आणि तसं नाव एकाही भारतीय नटाचं ब्रिटनमध्ये नव्हतं. ते का नव्हतं, तर अशा भूमिकाच त्यांना कधी दिल्या नव्हत्या. हे चक्र पुढची कित्येक वर्षं असंच फिरत राहिलं.

चित्रपट मात्र नुसता टिंगलीचा नाही. लंडनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवणारा हा डॉक्टर पैशाला भुलत नाही. साऱ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा आणि सज्जन माणूस तोच. सेलर्सने हेल थोडा आवरला आहे, अभिनयात हळुवारपणा आहे. कोणी म्हणेल, मग बिघडलं काय? बिघडलं ते पुढे. सज्जन डॉक्टर चित्रपटाबरोबर संपला, गाण्यातला हेल उरला. नक्कल एकदा लोकांच्या तोंडी गेली की तिच्यातला माणूस गळून पडतो आणि उच्चार तेवढा राहतो.

भारतीय नटांना त्या काळी काम मिळतच नव्हतं असं नाही. आय. एस. जोहर यांनी ‘हॅरी ब्लॅक’ (१९५८) आणि ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर’ (१९५९) या ब्रिटिश चित्रपटांत लक्षात राहणारी कामं केली. दुसऱ्यात ते गुप्ता नावाचे इंजिनड्रायव्हर आहेत: भोळे, हसरे, साहेबाला जीव लावणारे. दोन्ही साहसपट, आणि जोहर यांच्या वाट्याला त्यांतली हलकीफुलकी बाजू. ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर’मधला खलनायक मिश्र वंशाचा. इमानी नोकर किंवा बेइमान मिश्ररक्ताचा माणूस, अशा दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. तिसरी नव्हती.

नगरचा जन्म आणि १९६२ चा कायदा

१९६२ मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या देशांतून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. रोख होता वेस्ट इंडीज, भारत आणि पाकिस्तानातून येणाऱ्या माणसांवर. त्या नव्या वातावरणात एक विचित्र गोष्ट घडली. महायुद्धात ब्रिटनसाठी लढलेल्या आणि बीबीसीला तिचा सगळ्यात गाजलेला विनोदी कार्यक्रम लिहून देणाऱ्या मिलिगनचंच नागरिकत्व वादात आलं. जन्म नगरचा, वडील आयरिश. ब्रिटिश पासपोर्टसाठी राजनिष्ठेची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिकत्व घेतलं. २००१ मध्ये ब्रिटनने त्याला ‘सर’ किताबाच्या दर्जाचा सन्मान दिला तोही मानद, कारण कागदोपत्री तो परदेशी होता.

ज्याने गोऱ्या श्रोत्यांना परक्या माणसाच्या बोलण्यावर हसवलं, तो स्वतःच कायद्याच्या नजरेत परका ठरला, यात काव्यगत न्याय पाहण्याचा मोह होतो. पण फरक विसरू नये. मिलिगनला रस्त्यात कोणी अडवलं नाही, भाड्याची खोली नाकारली नाही. गोरा रंग त्याच्या मदतीला होता. कायद्याने त्याला फक्त आपोआप मिळणारं नागरिकत्व नाकारलं. डॉ. कबीरसारख्या खऱ्या माणसांच्या वाट्याला त्याहून पुष्कळ जास्त येत होतं.

१९६५ साली बीटल्सचा ‘हेल्प!’ आला. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, ज्याने सेलर्स आणि मिलिगनबरोबर आधी काम केलं होतं. गोष्ट अशी की ‘काइली’ नावाच्या देवीला नरबळी देणारा एक पूर्वेकडचा पंथ रिंगो स्टारच्या बोटातल्या अंगठीमागे लागतो. ठगांच्या जुन्या इंग्रजी कथांचं हे विडंबन. पंथाचा प्रमुख झाला होता लिओ मॅकर्न, त्याची साथीदार एलिनॉर ब्रॉन, दोघं गोरी. भारतीय माणसं होती ती एका उपाहारगृहाच्या प्रसंगात, मागे बसून वाजवणारे वादक म्हणून. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात जॉर्ज हॅरिसनने त्यांची सतार उचलून पाहिली. तिथून तो रविशंकरांपर्यंत पोहोचला आणि पुढे पाश्चात्त्य तरुणांच्या एका पिढीचे कान भारतीय संगीताकडे वळले. चित्रपटाच्या दृष्टीने ज्यांना नावही नव्हतं, त्या वादकांकडूनच त्या चित्रपटातला सगळ्यात टिकाऊ परिणाम घडला.

१९६८

या साऱ्या प्रवाहाचं टोक एकाच वर्षात दिसतं. एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण केलं. हेच पॉवेल १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते, म्हणजे भारतीय डॉक्टर ज्या सेवेत राबत होते त्या खात्याचे प्रमुख. त्याच वर्षी अमेरिकेत ‘द पार्टी’ झळकला. सेलर्स पुन्हा तपकिरी रंगात, या वेळी हृंदी व्ही. बक्षी नावाचा धांदरट भारतीय नट. सत्यजित राय यांना याच सेलर्सला घेऊन ‘द एलियन’ नावाचा चित्रपट करायचा होता, त्यात त्याने मारवाडी व्यापारी व्हायचं होतं. तो चित्रपट कधीच झाला नाही.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ‘कॅरी ऑन अप द खैबर’ आला. ‘कॅरी ऑन’ ही चावट विनोदी चित्रपटांची मालिका १९५८ पासून चालू होती. या चित्रपटात वायव्य सरहद्दीची घाटी म्हणून जी दिसते ती आहे वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरांतली. कालाबारचा ‘खासी’ झाला केनेथ विल्यम्स. ब्रिटिश बोलीत याच्याशी जुळणाऱ्या शब्दाचा अर्थ संडास. बंडखोर सरदार ‘बंगडित दिन’ झाला बर्नार्ड ब्रेस्लॉ. गोष्टीचं मूळ असं की स्कॉटिश सैनिक झग्याखाली काही घालत नाहीत या समजावर सरहद्दीवरची ब्रिटिशांची दहशत उभी आहे. एक सैनिक चड्डी घातलेला सापडतो आणि साम्राज्य डळमळतं.

शेवटच्या प्रसंगात बाहेर तोफा धडधडत असतात, छत कोसळत असतं आणि गव्हर्नरच्या टेबलाभोवती साहेबलोक शांतपणे जेवत राहतात. साम्राज्याच्या रुबाबावर ब्रिटिश पडद्याने केलेल्या टिंगलीत या प्रसंगाचं स्थान फार वरचं आहे. तरी साहेबाला हसणारे सगळे साहेबच आहेत. हिंदुस्थानी म्हणून उभे असलेलेही तेच. घरच्यांनी घरच्यांची थट्टा करावी आणि शेजाऱ्याला वेश म्हणून वापरावं, असा हा प्रकार.

छोटा पडदा आणि उतरती कळा

१९६९ मध्ये मिलिगन स्वतः त्या वाटेवर सगळ्यात पुढे गेला. जॉनी स्पाइट यांनी लिहिलेल्या ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तो केव्हिन ओ’ग्रेडी झाला: अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी, तोंडाला रंग, इंग्लंडातल्या एका कारखान्यात नोकरी. लेखकाचा दावा होता की आपण गोऱ्या कामगारांचा वर्णद्वेष उघडा पाडतो आहोत. पडद्यावर मात्र शिव्यांचा वर्षाव होता आणि प्रेक्षक नेमके त्या शिव्यांवर हसत होते. सहा भागांनंतर मालिका बंद पडली. १९७५ मध्ये मिलिगनने बीबीसीसाठी ‘द मेल्टिंग पॉट’ लिहिली. तिचा एकच भाग दाखवला गेला, बाकीचे भाग बीबीसीने कपाटात ठेवले.

१९७४ मध्ये देवळाली ब्रिटिश घरांत पोहोचली. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेत देवळालीच्या छावणीतली नाटकमंडळी होती. चित्रीकरण इंग्लंडात. त्यातला रंगी राम हा साहेबांपेक्षा जास्त साहेब झालेला नोकर म्हणजे झाशीचा मायकेल बेट्स. त्याच्याबरोबर चहावाला आणि पंखेवाला या भूमिकांत दक्षिण आशियाई नट होते. प्रमुख भूमिका गोऱ्या नटाला, दुय्यम भूमिका खऱ्या दक्षिण आशियाई नटांना, ही विभागणी तेव्हा फारशी कोणाला खटकली नाही. मालिका १९८१ पर्यंत चालली. नंतरच्या काळात बीबीसीने तिच्या पुनःप्रक्षेपणाकडे पाठ फिरवली.

नुसता नट बदलला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नव्हतं. १९७७ ची ‘माइंड युवर लँग्वेज’ भारतातही आवडीने पाहिली गेली. लंडनच्या रात्रशाळेत इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांची ही गोष्ट. इथे दक्षिण आशियाई पात्रं दक्षिण आशियाई नटांनीच केली, पण तोंडचे शब्द जुन्याच साच्यातले. १९९३ मध्ये दूरदर्शनवर तिचाच भारतीय अवतार ‘जबान संभाल के’ आला. वर्गात देशी-परदेशी विद्यार्थी, आणि त्यांत आपले विजू खोटे मराठी विद्यार्थी म्हणून. तेव्हा प्रांताप्रांतांच्या उच्चारांवर आपणही खळखळून हसलो.

म्हणून या इतिहासाकडे बघताना सोवळं नेसून बसायचं कारण नाही. उच्चारांवरचा विनोद मराठीला परका नाही. पु. ल. देशपांडे यांचे रावसाहेब कानडी वळणाचं मराठी बोलतात, पेस्तनकाका पारशी. तरी ते ऐकून बेळगावकर किंवा पारशी माणूस दुखावत नाही, कारण बोलण्यामागे अख्खा माणूस उभा आहे. त्याची जिद्द, त्याचं एकटेपण, त्याची दिलदारी ऐकणाऱ्याला मिळते. शिवाय त्या माणसाला समाजात आधीच मानाची जागा आहे. १९६० च्या ब्रिटनमध्ये भारतीय माणसाला दोन्ही मिळत नव्हतं. पडद्यावर अख्खा माणूस नव्हता आणि पडद्याबाहेर जागा पक्की नव्हती.

किंमत कोणी मोजली

याची किंमत हनीफ कुरेशी यांनी नोंदवून ठेवली आहे. १९५४ साली लंडनच्या आग्नेयेला ब्रॉम्लीत जन्मलेला हा लेखक. आई इंग्लिश, वडिलांचं लहानपण मुंबई-पुण्यात गेलेलं. ‘द रेनबो साइन’ या १९८६ च्या लेखात ते सांगतात की शाळेत एक शिक्षक त्यांच्याशी पीटर सेलर्सच्या भारतीय उच्चारातच बोलत. मिलिगनचं बालपण पुण्याच्या कॅम्पात गेलं आणि घर आग्नेय लंडनमध्ये झालं. कुरेशींच्या वडिलांचा रस्ता तोच. एकाच शहरातून निघालेली दोन घरं एकाच महानगराच्या एकाच कडेला पोहोचली. एका घरातून हेल निघाला, दुसऱ्या घरातल्या मुलाच्या तोंडावर तो फेकला गेला.

१९८५ मध्ये कुरेशींच्या पटकथेवरचा ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ आला. त्यात सईद जाफरींनी रंगवलेला काका बेरकी, रंगेल, प्रेमळ, लबाड असं सगळं एकाच वेळी आहे. प्रेक्षक त्याला हसतात तेव्हा त्याच्या उच्चाराला हसत नाहीत. पुढे ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ या कादंबरीत कुरेशींनी करीम नावाचा तरुण नट उभा केला. लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाला मोगलीच्या भूमिकेसाठी अंगाला तपकिरी रंग फासायला आणि भारतीय उच्चार काढायला सांगतात. चाळीस वर्षांची सवय त्या एका प्रसंगात नागडी होते.

१९९८ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर ब्रिटिश-आशियाई कलाकारांचा विनोदी कार्यक्रम आला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं ‘गुडनेस ग्रेशस मी’. त्याच्या एका प्रसिद्ध प्रवेशात मुंबईतली तरुण टोळी रात्री ‘इंग्लिश’ जेवायला जाते, वेटरच्या नावाची मोडतोड करते आणि मेनूतला सगळ्यात बेचव पदार्थ कोणता ते विचारते. ब्रिटनभर शनिवारी रात्री करी-हाउसमध्ये जे चालतं, ते जसंच्या तसं उलटवलेलं. गोरे प्रेक्षकही हसले, कारण आरशात तेच होते.

या प्रवासात आधी आवाज आला, मग चेहरा आणि सगळ्यात शेवटी लेखणी. पहिल्या दोन्ही वेळी बदल झाल्यासारखा वाटला, खरा बदल तिसऱ्या वेळी झाला. जुने चित्रपट दडवून ठेवल्याने काही साधत नाही. ‘कॅरी ऑन’मधलं कोसळत्या छताखालचं जेवण आजही हसवतं आणि तो रंगवलेला चेहरा आजही खटकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

स्पाइक मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी गेला. नगरने त्याला आपला म्हणावं का? म्हणावं, पण हातचं राखून नव्हे. मेजर ब्लडनॉकची फजिती त्याने नगर-पुण्याच्या कॅम्पातून नेली, लालकाका आणि बॅनर्जीही तिथूनच नेले. पहिल्याबद्दल त्याची पाठ थोपटायची तर दुसऱ्याबद्दल त्याला जाबही विचारायला हवा. कॅम्पाच्या कुंपणाआतून जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलं. कुंपणाबाहेरच्यांनी लेखणी हातात घेतली, तेव्हा ब्रिटिश विनोदातला भारतीय माणूस पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलला.